प्रश्न मुलांना पडू द्या : सोलापूरच्या प्रकल्प मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य, प्रकल्प समन्वयक आणि मार्गदर्शक प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

या शहरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचा संदर्भ विभाग मी ३१ वर्षं सांभाळला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी आठवड्यातल्या तीन दुपारी मी तिथे जाऊन बसते. प्रकल्पाची मुलं येतात, त्यांच्याशी बोलायला कुणीतरी लागतं. माझे वडील गिरणीत साचेवाले होते. घरात पुस्तक नव्हतं. सातवीत असताना मी वर्गात विचारलं होतं की भोंगा दोनदा का होतो. गुरुजींनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, उद्या वडिलांबरोबर गेटपर्यंत जा आणि तिथल्या टाइमकीपरला विचारून ये. मी गेले, विचारलं, वहीत लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं. पुढे ग्रंथपाल झाले, त्याची सुरुवात त्या सकाळी झाली असं मी मानते. म्हणून हे पत्र लिहिताना माझ्या मनात राग कमी आणि काळजी जास्त आहे.

निमित्त असं. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प (फील्ड प्रोजेक्ट) आणला. मला मनापासून आनंद झाला होता. पण या वर्षी माझ्यासमोर येणारी मुलं हातात छापील यादी घेऊन येतात. यादीत ४० विषय, खाली सूचना : विषयात बदल करता येणार नाही. यादीला जोडलेला नमुना. त्यात उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष आणि शिफारशी आधीच लिहिलेल्या, मुलांनी फक्त मधली पानं भरायची.

अशाच एका यादीतला ‘विडी कामगारांच्या समस्या : एक अभ्यास’ हा विषय घेऊन पूर्व भागातली एक मुलगी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी विचारलं, समस्या म्हणजे कुठली? तिनं पाठ म्हणून दाखवलं : आर्थिक, सामाजिक, शैक्षणिक, आरोग्यविषयक. मी विचारलं, घरी कुणी विड्या वळतं का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, अव्वा वळते. अव्वा म्हणजे तिची आजी. काल कारखान्यातून आल्यावर अव्वा काय म्हणाली? ‘आज शंभर विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या म्हणाली, मॅडम. आणि जेवली नाही.’

त्या दुपारी आम्ही पुस्तक उघडलंच नाही. पुढच्या दोन आठवड्यांत तिनं वहीत २३ प्रश्न लिहिले आणि त्यातले १७ स्वतःच खोडले. प्रत्येक खोडलेल्या प्रश्नाशेजारी कारण लिहिलं : ‘हे अव्वाला माहीत नाही’, ‘हे विचारलं तर ती रडते’, ‘याचं उत्तर मला आधीच माहीत आहे’. उरलेल्या सहांतला मुख्य प्रश्न असा होता : हजार विड्यांतल्या किती बाजूला काढायच्या हे कोण ठरवतं, ते कुठे लिहिलं जातं, आणि जिला फक्त तेलुगू वाचता येतं त्या अव्वाला ते लिहिलेलं कळतं का? विडी कामगारांसाठी संसदेनं १९६६ साली केलेल्या कायद्यात नाकारलेल्या विड्यांवरून होणाऱ्या वादाची तरतूद केलेली होती, हे तिनं स्वतः शोधून काढलं. ते कलम सापडलं त्या दिवशी ती टेबलावरून उठून माझ्याकडे धावत आली.

मार्गदर्शकांनी लाल शाईनं शेरा दिला : ‘विषय यादीप्रमाणे घ्यावा. व्याप्ती फार लहान.’

महाविद्यालयाचं नाव मी लिहिणार नाही. हा शेरा एका माणसाचा असता तर मी त्यांना भेटून बोलले असते. गेल्या काही वर्षांत तो मी इतक्या वह्यांवर, इतक्या वेगवेगळ्या अक्षरांत पाहिला आहे की तो आता आपल्या सगळ्यांचा झाला आहे. तुमच्यावर तासिकांचा आणि कागदांचा किती भार असतो, एकेका मार्गदर्शकाकडे किती मुलं असतात, हे मला माहीत आहे. तरीही खालच्या गोष्टी मला पटत नाहीत आणि त्या मी तुमच्यासमोर मांडते.

पहिली गोष्ट विषय आणि प्रश्न यांतल्या फरकाची. ‘सोलापूरचा वस्त्रोद्योग : काल, आज आणि उद्या’ हा विषय आहे. त्यावर मुलगा काय करतो? इकडून दोन पानं, तिकडून तीन पानं उतरवतो. त्यात तो हटकून लिहितो की १९८२ च्या संपामुळे गिरण्या बंद पडल्या. तो संप मुंबईचा. मुंबईचं कारण सोलापूरच्या नावाखाली लिहिलं जातं, कारण ‘कुठली गिरणी, कधी, कुणी बंद केली’ हे त्याला कुणी विचारायला लावलेलं नसतं. इथल्या ‘जुन्या मिल’ची, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या गिरणीची गोष्ट घ्या. १८७७ साली सुरू झालेली ही मिल व्यवस्थापनानं नोटीस लावून २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद केली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं खास वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. चिरंजितलाल चौधरी नावाच्या भागधारकानं त्याला आव्हान दिलं आणि डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. समानतेच्या हक्काचा तो सुरुवातीचा एक महत्त्वाचा निकाल, कायद्याचे विद्यार्थी देशभर तो वाचतात. आणि त्या मिलच्या सावलीत वाढलेल्या वस्तीतला मुलगा तो वाचत नाही. लक्ष्मी-विष्णू मिलचा शेवट यापेक्षा फार पुढचा, त्याची कारणं वेगळी शोधावी लागतात. ‘गिरण्या का बंद पडल्या’ या एका अनेकवचनात इतकी वेगवेगळी मरणं झाकली जातात. ‘१९४९ च्या ऑगस्टमध्ये जुन्या मिलवर नोटीस लागली तेव्हा व्यवस्थापनानं कोणतं कारण दिलं आणि सरकारनं कोणतं?’ असा प्रश्न मुलाच्या हातात असेल तर त्याला कुठे जायचं ते कळतं. निकालपत्र, वटहुकूम, त्या वेळची वर्तमानपत्रं.

यादीला दुसरी हरकत अशी की ती मनातला खरा प्रश्न वर येऊच देत नाही. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ आले. म्हणाले, मार्शल लॉचं पुस्तक द्या. मी दिलं. १९३० च्या मे-जूनमधला सोलापुरातला लष्करी कायदा, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, सगळं त्यात होतं. ते तासभर पानं उलटून पुस्तक परत करून गेले. दुसऱ्या दिवशी आले, दुसरं पुस्तक मागितलं, पुन्हा तसंच. चौथ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, काका, तुम्ही शोधताय काय? त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवसांत त्यांच्या वडिलांना शिक्षा झाली होती म्हणे. घरात कागद उरला नव्हता आणि भावकीतले लोक म्हणायचे की हे खोटं आहे. त्यांना इतिहासाचं पुस्तक नको होतं, एक नाव हवं होतं. सरकारनं छापलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या चरित्रकोशात आम्हाला ते दीड ओळीत सापडलं. चार दिवस मी त्यांच्या मागणीला उत्तर देत होते आणि त्यांचा प्रश्न तसाच पडून होता, याची खंत मला आजही आहे.

रॉबर्ट टेलर या अमेरिकी अभ्यासकानं १९६८ साली हेच नीट मांडलं. माणसाच्या मनात आधी नुसती हुरहूर असते, मग धूसर कल्पना, मग बांधलेला प्रश्न, आणि ग्रंथालयाच्या टेबलापाशी येईपर्यंत तो समोरच्याला जे देता येईल असं वाटतं त्या मापात कापलेला असतो. आमचं काम त्या कापलेल्या प्रश्नापासून मागे चालत जाण्याचं. छापील यादी नेमकं उलटं करते. हुरहुरीच्या आधीच मापाचा कपडा हातात देते.

तिसरी गोष्ट निष्कर्षांची. गौतमाची न्यायसूत्रं हा आपल्याकडच्या तर्कशास्त्राचा मूळ ग्रंथ. त्यातलं पहिलंच सूत्र सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे सोळा विषय सांगतं. त्यात प्रमाण (जाणण्याचं साधन) आणि प्रमेय (जाणायची गोष्ट) यांच्या मागोमाग तिसऱ्या जागी संशय येतो आणि चौथ्या जागी प्रयोजन. निर्णय नवव्या जागी आहे. आधी शंका, ती का फेडायची याचं कारण, मग दृष्टांत, तर्क, आणि त्यानंतर निर्णय. आपल्या नमुन्यात मुलांना संशयाच्या आधी निर्णय मिळतो : ‘विडी कामगारांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे’ हे गृहीतक, आणि ‘विडी कामगारांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे असे दिसून आले’ हा निष्कर्ष. चुकीचा ठरूच शकत नाही असा प्रश्न विचारून मुलाला काय मिळतं? ‘मी चुकीची ठरेन ती कशामुळे?’ हे पहिल्या पानावर लिहून घेतलं तर अर्धं काम होतं.

आता प्रश्नावलीबद्दल, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण यात आपण दुसऱ्यांच्या घरात शिरतो. प्रकल्पासाठी ५० जणांकडून प्रश्नावली भरून आणायची असते. मुलं एका संध्याकाळी घरी बसून ५० भरतात, हे तुम्हालाही माहीत आहे. जी प्रामाणिक मुलं घरोघर जातात त्यांच्या हातात काय असतं? ‘आपण आपल्या आर्थिक स्थितीबद्दल समाधानी आहात काय? होय / नाही / सांगता येत नाही.’ आपल्या शहरात उंबरठ्यागणिक भाषा बदलते. साखर पेठेतून विजापूर वेशीपर्यंत चालत गेलं तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असं सगळं कानावर पडतं. विड्या वळणाऱ्या बाईला ‘आर्थिक स्थिती’ हा शब्द ऐकवून आपण तिच्याकडून काय काढून घेणार? ती मान हलवते. मुलगा ‘नाही’वर खूण करतो.

त्याच बाईला तिच्या भाषेत विचारा : मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी काम नव्हतं? सोमवारी किती पान मिळालं आणि किती विड्या झाल्या? ती हात न थांबवता सगळं सांगते, कारण ते तिचं स्वतःचं आहे, मोजता येणारं आहे, ताजं आहे. दुसरं, एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत. ‘पाणी वेळेवर आणि पुरेशा दाबाने येते का?’ याला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर कुणाला समजणार की वेळ चुकते की दाब कमी आहे? आणि प्रश्नाच्या पोटात उत्तर दडलेलं नको. ‘मोबाईलमुळे वाचन कमी झाले आहे असे आपल्याला वाटते का?’ या प्रश्नावर ५० पैकी ४८ जण होय म्हणाले तर त्यातून फक्त प्रश्न विचारणाऱ्याचं मत कळतं. कुठलीही प्रश्नावली आधी पाच माणसांवर वापरून पाहावी, अडखळलेला प्रत्येक शब्द बदलावा. एवढी साधी गोष्ट नमुन्यात कुठेच नाही.

पाण्याचं निघालंच आहे तर तेही सांगते. दर उन्हाळ्यात एखादा मुलगा येतो : उजनी धरणात ११७ टीएमसीची क्षमता असताना आपल्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी का? प्रश्न रास्त आहे, संतापातून आलेला आहे, पण या रूपात तो कुणालाच विचारता येत नाही. मी त्याला आधी घरी पाठवते : तुझ्या नळाला येणारं पाणी कुठलं? थेट जलवाहिनीनं आलेलं उजनीचं, टाकळीहून उचललेलं भीमेचं, की हिप्परग्याच्या तलावाचं? बहुतेक मुलांना हे माहीत नसतं. मग धरण, जलवाहिनी, टाकी, गल्लीतला व्हॉल्व्ह, असे चार टप्पे करायचे आणि पाणी कुठल्या टप्प्यावर अडतं ते एकेक करून तपासायचं.

गेल्या वर्षी एकानं महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता : ‘आमच्या भागात पाणी अनियमित का येते?’ उत्तर आलं की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. तो खचून गेला होता. मी त्याला समजावलं की २००५ च्या या कायद्यानं जे कागदावर आहे ते मिळतं. ‘का’ कागदावर नसतो, तो कागदांवरून आपण काढायचा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांतला लागतो, म्हणून नेमकं मागायला शिकावंच लागतं. त्यानं पुन्हा लिहिलं : ‘१ एप्रिल ते ३१ मे या काळात आमच्या भागाच्या टाकीची पातळी आणि पाणी सोडल्याच्या वेळा यांच्या नोंदवहीच्या प्रती मिळाव्यात.’ त्याला पानंच्या पानं मिळाली. त्यावरून त्यानं स्वतः तक्ता केला. शहराचा नागरिक म्हणून त्या मुलाला जे आलं ते कुठल्याही तयार विषयातून आलं नसतं.

आता ‘व्याप्ती फार लहान’ या शेऱ्याबद्दल. एका बाईच्या एका महिन्याच्या नोंदी हे लहान काम नाही. वीस वर्षांच्या मुलीला तीन महिन्यांत, पदरचे पैसे न घालता, खऱ्या अर्थानं जेवढं शोधता येतं तेवढंच ते आहे. ‘महाराष्ट्रातील विडी उद्योग’ तिला झेपणार नाही, मग ती उतरवेल, आणि उतरवल्याबद्दल आपण तिला गुण देऊ. आता तर उतरवायलाही लागत नाही. मोबाईलवर विषय टाकला की दोन मिनिटांत ३० पानं तयार होतात, सुबक, निष्कर्षांसकट. मुलांना त्यासाठी दोष देऊन काही होणार नाही. ज्या विषयावर कुणीही, कुठेही बसून ३० पानं लिहू शकतं, तो विषय आपण त्यांना दिला. अव्वा कालच्या रात्री का जेवली नाही हे मात्र त्या यंत्राला ठाऊक नाही, ते विचारायला तिच्या नातीलाच तिच्याजवळ बसावं लागतं.

२००४ साली या एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं, तेव्हा मी पेपरातली बातमी कापून ग्रंथालयाच्या फलकावर लावली होती. वाटलं होतं, आता इथल्या गोष्टी इथली मुलं शोधतील. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं ज्वारीचं मालदांडी वाण, नान्नजच्या माळावरचा माळढोक, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचे मान कुणाकडे आणि कसे आले, बार्शी लाइट रेल्वेनं कुठल्या गावांचे बाजार वाढवले आणि कुठले बुडवले. असे हजार प्रश्न या मातीत पडलेले आहेत. अजूनही मला तीच आशा आहे, म्हणून मागण्या साध्या ठेवल्या आहेत.

विषयांच्या याद्या या सत्रापासून मागे घ्याव्यात. द्यायचंच असेल तर क्षेत्र द्या, पाणी, कापड, शेती, भाषा असं, आणि त्यातला प्रश्न मुलांना शोधू द्या. उद्दिष्टं आणि निष्कर्ष भरलेला नमुना वाटणं बंद करा.

पहिला महिना फक्त प्रश्नासाठी ठेवा. प्रत्येक मुलानं तारखा घालून प्रश्नवही लिहावी, खोडलेले प्रश्न आणि ते का खोडले हे त्यात राहू द्यावं, आणि १०० पैकी किमान २५ गुण त्या वहीला असावेत. तोंडी परीक्षेत बाईंडिंग आणि पानांची संख्या बघण्याआधी विचारा : हा प्रश्न तुला कसा पडला, आणि आधी कुठला होता?

लोकांना विचारायचे प्रश्न त्यांच्या भाषेत असावेत आणि आधी पाच जणांना विचारून पाहिलेले असावेत. ५० चा आकडा काढून टाका. नीट ऐकलेल्या आठ माणसांचा प्रकल्प स्वीकारा.

‘उत्तर मिळालं नाही’ असा प्रामाणिक शेवट असलेला प्रकल्प नापास करू नका. कुठे शोधलं, कुणाला विचारलं, कुठे दार बंद झालं हे लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षीचा मुलगा तिथून पुढे जाईल. आज आमच्या ग्रंथालयात गेल्या वर्षीचे प्रकल्प येतात ते रद्दीच्या वजनानं. खोडलेल्या प्रश्नांच्या वह्या आल्या तर मी त्या स्वतः नोंदवून कपाटात ठेवीन.

मार्गदर्शकांकडे वेळ नाही, ही अडचण मी खरी मानते. म्हणून माझ्याकडून एवढं देऊ शकते : दर शनिवारी दुपारी दोन ते पाच मी ग्रंथालयात प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलांसाठी बसेन, कुठल्याही महाविद्यालयाच्या. माझ्यासारखे आणखी काही निवृत्त ग्रंथपाल आणि शिक्षक तयार आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे. मुलांकडून एक रुपया घेतला जाणार नाही.

आणि शेवटची मागणी त्या एका मुलीसाठी. तिचा प्रकल्प परत वाचावा. लाल शेरा मिळाल्यावर तिनं यादीतला विषय घेऊन १२ पानं लिहायला सुरुवात केली आहे, पण जुनी वही तिनं माझ्याकडे आणून दिली. म्हणाली, मॅडम, घरी ठेवली तर अव्वा विचारते की पुढे काय झालं. वही माझ्या कपाटात आहे. प्रकल्प जमा करण्याची मुदत संपायला तीन आठवडे आहेत. आपण कळवाल त्या दिवशी मी ती घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल,
सोलापूर